कूस आणि साखर

मागच्या महिन्यात लघवी तपासायला गोंदियाच्या दवाखान्यात गेले होते. बाकावर शेजारी एक वीस-एकवीस वर्षांची पोरगी बसली होती. उकाडा मरणाचा, तरी तिनं पदर हनुवटीवरून ओढून कानामागे खोचला होता. तो पदर मला लगेच ओळखू आला. मीही बरीच वर्षं तसाच घेत होते. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "बाई, तुमाले बी केस येतेत का?"

"येतेत," मी म्हणाले.

ती रडायलाच लागली. तेवढ्यात तिला आत बोलावलं आणि बोलणं तिथंच राहिलं. मला तिला जे सांगायचं होतं ते मी इथं लिहून ठेवते. मला वैद्यकातलं काही कळत नाही. मी चारच इयत्ता शिकले, त्याही माझ्या थोरल्या भावानं, दादानं, हट्ट धरून शिकवल्या म्हणून. तो गोंदियात मास्तर आहे. हे कागदही त्यानंच आणून दिलेत.

*

माझं नाव कौसल्या. माहेर आमगावकडचं, सासर सौंदडजवळच्या एका खेड्यात. दोन्हीकडे धानाची शेती. नवऱ्याचं नाव मी घेत नाही. गाव त्यांना पटील म्हणतं, मीही तेच लिहिते. तेराव्या वर्षी लग्न झालं, पंधराव्या वर्षी नांदायला गेले.

मी वर्षातून दोन-तीनदाच बाहेर बसायचे. कधी सहा महिन्यांत एकदा. पहिल्या वर्षी माझ्या सासूला, आत्याबाईंना, त्याचं कौतुकच होतं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत एक बाई कमी पडत नाही ना! शेजारणींना त्या सांगायच्या, "आमची सून लय कामाची. बाहेर बसतच नाई."

तिसऱ्या वर्षापासून तेच वाक्य वेगळ्या आवाजात यायला लागलं.

मग अंग सुटत गेलं. मी जास्त खात नव्हते, उलट लाजेनं कमीच वाढून घ्यायचे. भात खाल्ला की मात्र अशी ग्लानी यायची, की भांडी घासता घासता डोळा लागायचा. त्यावर आळशी म्हणून बोलणी. हनुवटीवर केस आले, मग ओठावर आले. धानाच्या कोठीमागे बसून मी चिमट्यानं ते उपटायचे. दोन दिवसांत खुंट परत हाताला लागायचे. डोक्यावरचे मात्र मूठमूठ गळायचे.

आणि मान. मानेभोवती काळा, जाडसर पट्टा आला, मखमलीसारखा. काखेतही तसाच. नणंदेच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी मला न्हाणीत बसवलं आणि वाळलेल्या दोडक्याची जाळी आणि राख घेऊन मान घासायला घेतली.

"मळ किती हा! पाव्हणे काय म्हनतील?"

"आत्याबाई, निघत नाई तो. मी रोज घासते."

"निघत नाई कसा?"

रक्त आलं तेव्हा त्या थांबल्या. हातातल्या जाळीकडे बघत राहिल्या. मग स्वतःच खोबरेल आणून लावलं. त्या दुष्ट नव्हत्या, हे मला सांगायचं आहे. त्यांना दिसत होतं ते निघत नव्हतं, एवढंच.

पुढची दहा वर्षं मी थोडक्यात लिहिते, कारण ती सगळी सारखीच गेली. देवरीकडच्या जंगलातला वैदू आला, त्याच्या मुळ्या प्यायले. सुईणीनं ओटीपोटावर बिब्ब्याचे डाग दिले. ते पाच डाग अजून आहेत. नवस झाले. उपास तर इतके केले की वारच उरला नाही, आणि उपासालाही अंग वाढतच राहिलं. बारशांना मला बोलावणं यायचं, पण पाळण्याजवळ जाऊ लागले की कुणीतरी हळूच पुढं होऊन म्हणायचं, "तू बस, वैनी. दमली असशील."

अठ्ठाविसावं लागलं तेव्हा घरात दुसऱ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. एका सकाळी पटील बैलांना पाणी दाखवून आले आणि ओसरीच्या खांबाला टेकून म्हणाले, "मी एक वरीस थांबतो वं. तुया भावाले जे करायचं ते करू दे. नागपूरले नेतो म्हनतो तर नेऊ दे."

"आणि वरसानं?"

ते खांब सोडून गोठ्याकडे वळले.

*

दुसरी मोठी लढाई सुरू झाली होती. गाडीत शिपायांची गर्दी. दादानं मला नागपूरला बायकांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, पुण्याकडच्या, बारीक चणीच्या. त्यांनी मला पडद्यामागे घेतलं. पोट तपासण्याआधी त्यांनी माझा पदर बाजूला केला आणि मानेवरून बोट फिरवलं. तिथं जुने ओरखडे होते.

"हे कुणी घासलं?"

मी पदर परत मानेवर ओढू लागले.

"हा मळ नाही, कौसल्याबाई. हा आतल्या आजाराचा रंग आहे. यापुढं घासायचं नाही."

बारा-तेरा वर्षांत एवढं साधं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पडद्याला तोंड लावून रडले. त्यांनी रडू दिलं. नंतर पाळीचं विचारलं, केसांचं विचारलं, भात खाल्ल्यावर झोप येते का ते विचारलं. माझ्या आईला तहान फार लागायची का, असंही विचारलं. आई शेवटच्या वर्षांत घागरीच्या घागरी पाणी प्यायची. पायाची जखम चिघळूनच ती गेली. या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

त्यांनी समजावलं ते मला कळलं तसं लिहिते. शरीरात ग्रंथी असतात. त्यांचे रस रक्तात मिसळतात आणि एकमेकींना निरोप देतात. एक रस बीज पिकवतो, एक रस खाल्लेल्याची साखर अंगी लावतो. पुरुषी रसाचीही चिमूट बाईच्या अंगात असतेच. माझ्यात ती चिमूट मुठीएवढी झाली होती, म्हणून केस. बीजं अर्धी पिकायची आणि जाड सालीखाली तशीच अडकून बसायची, म्हणून पाळी नाही, पोर नाही. साखरेचा रस होता, पण शरीर त्याचं ऐकत नव्हतं. म्हणून अंग सुटत होतं, म्हणून मानेचा पट्टा.

"हे दोन्ही एकाच बाईत का येतात?" दादानं विचारलं.

"ते आम्हालाही अजून नीट ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "येतात एवढं दिसतं."

परदेशात अशा बायकांची एक शस्त्रक्रिया करतात, असं त्यांनी वाचलं होतं. बीजकोशाची फोड कापून काढायची, म्हणजे कधी कधी पाळी सुरू होते. त्यांनी स्वतः ती दोनदाच केली होती. हेही त्यांनी लपवलं नाही. भात कमी करा, गूळ-साखर बंद करा, असंही त्याच दिवशी सांगितलं होतं. पण मी शस्त्रक्रिया तेवढी ऐकली. बाकीचं कानावरून गेलं. माझ्यासारखी कुणी हे वाचत असेल तर तिला सांगते, ते बाकीचंच नीट ऐक.

*

दवाखान्यात मी सहा आठवडे होते. पहाटे घंटा, मग काखेत ताप मोजायची काच धरायची, मग चहा. लोखंडी खाटा, वर पांढरी चादर. क्लोरोफॉर्मचा वास तर अजून आठवतो. पोट उघडलं त्यानंतरचे चार दिवस मला नीट आठवत नाहीत. पाचव्या दिवशी आरशाशिवायच मला कळलं, की हनुवटीवर खुंट आलेत. हात उचलला की टाके ओढायचे. चिमटा पेटीत, पेटी खाटेखाली. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाईंची फेरी, मागं शिकणाऱ्या पोरी, आणि मी चादर नाकापर्यंत ओढून पडलेली.

शेजारच्या खाटेवर कामठीची जुबेदा होती. विड्या वळणारी, सहा लेकरांची आई. सातव्या वेळी अंगावरून जाऊन मरता मरता वाचली होती. ती उठली, हळूहळू वाकून माझी पेटी ओढली, चिमटा काढला आणि माझ्या उशाशी बसली.

"लाओ, मैं निकाल देती हूँ."

मी तोंड फिरवलं.

"शरम कैसी, बहन? मेरा तो यहाँ सब देख चुके."

फेरी येण्याआधी तिनं एकेक केस काढला. दुसऱ्या दिवशीही. दोन आठवडे, रोज. काढून झाले की पदराच्या टोकानं माझी हनुवटी पुसायची. माझ्या आईनंतर माझ्या तोंडाला कुणी इतक्या मायेनं हात लावला नव्हता. तिला घरी सोडलं तेव्हा मी तिला धड काही बोलू शकले नाही. पुढं ती कुठं आहे, आहे की नाही, मला माहीत नाही.

शस्त्रक्रियेनंतर तिसाव्या दिवशी मला पाळी आली. कसली मुळी नाही, कसला काढा नाही, आपसूक. डॉक्टरीणबाई माझ्या खाटेवर बसल्या. त्यांनी माझा हात धरला आणि त्यांचेच डोळे भरले. मी दिवसभर मनात पटलांशी बोलत होते. असं सांगीन, तसं सांगीन.

*

दादा न्यायला आला. सौंदडला उतरलो. घरची बैलांची दमणी यायची होती, म्हणून फलाटावरच्या कडुनिंबाखाली बसलो. तिथं तो म्हणाला,

"कौसे, घरी एक पोरगी आली आहे."

"कोणाची?"

"पटलांनी केली. तू तिकडं होतीस तेव्हा. मागच्या महिन्यात."

"वरीस झालं नाई अजून," मी म्हणाले. मला तेवढंच सुचलं. हिशेब चुकला असेल, कुणीतरी महिने नीट मोजले नसतील, असं मला खरंच वाटलं. "दादा, त्यांना सांगितलं नाही का, मला पाळी आली म्हणून?"

"पाळी यायच्या आधीच झालं होतं," दादा म्हणाला आणि टोपी काढून त्यानं डोळे पुसले. "तुझे टाके ओले होते. मी कसं सांगणार होतो?"

दादावर मी दोन वर्षं राग धरून होते. आता वाटतं, मीही सांगितलं नसतं.

*

तिचं नाव फुलवंता. सतरा वर्षांची, विधवेची लेक, काटकुळी. मी उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हा ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती आणि माझ्या पाया पडायला वाकताना तिनं ते पाणी माझ्या पायावर सांडलं. तिचा राग करायचं मी ठरवून आले होते. तो मला धड करता आला नाही. ती मला बाई म्हणायची आणि माझ्या आधी कधी जेवायची नाही.

पटील चार-पाच महिने माझ्या नजरेला नजर देत नव्हते. मग बोलायला लागले, मग माझ्या खोलीत यायला लागले. मी त्यांना येऊ दिलं. अभिमान कुठं गेला होता, असं कुणी विचारलं तर एवढंच सांगीन: मला पोर हवं होतं आणि तेही हवे होते.

सात महिन्यांत दिवस गेले. मला. फुलवंताला नाही, मला.

आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या पोटावर, त्या पाच डागांवर, दोन्ही हात ठेवले आणि देवापुढं जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवसापासून माझं ताट त्या स्वतः वाढायच्या. गरम भात, वर तुपाची धार. गुळाचे, डिंकाचे लाडू, सकाळी एक, दुपारी एक, दिवेलागणीला एक.

"खाय माय, खाय. दोन जिवाची हायेस."

डॉक्टरीणबाईंचं बोलणं मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. दोनदा मी म्हणालेही, "आत्याबाई, गूळ नको म्हणल्या होत्या त्या." त्यांचा चेहरा असा उतरला, की मी तिसऱ्यांदा म्हणाले नाही. चौदा वर्षांत त्या हातानं मला पहिल्यांदा माय म्हणून भरवलं होतं. मी ते लाडू खाल्ले. भूक नसतानाही खाल्ले.

सातव्या महिन्यात तहान लागली. घागर उशाशी लागायची. न्हाणीच्या मोरीत मुंग्या भरल्या, त्या फुलवंतानं पाहिल्या. "बाई, मोरीत गूळ सांडला का?" असं तिनं विचारलं. आम्ही दोघी हसलो. मला आईची घागर आठवायला हवी होती.

आठव्या महिन्याच्या शेवटी एका दुपारी मी तांदूळ निवडत होते आणि लक्षात आलं, की सकाळपासून पोटातलं हललेलं नाही. फुलवंतानं पोटाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग वर न बघता म्हणाली, "दमणी जुंपायले सांगतो मी."

गोंदियाच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी ती जन्मली. मुलगी. अंगानं मोठी होती, म्हणून फार त्रास झाला. मला दाखवली नाही. सिस्टर म्हणाली, बघू नका, बघितलं की जड जातं. बाहेरच्या बाहेर पटलांनी गाठोडं घेतलं आणि ते दमणीनं गावाकडे गेले. फुलवंता तीन दिवस माझ्या खाटेखाली चटईवर झोपली.

*

महिन्याभरानं दादानं मला पुन्हा नागपूरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि दिव्यावर धरलं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, मग विटेसारखं लाल.

"साखर," त्या म्हणाल्या. "आधीपासून दबा धरून होती. गर्भारपणात वर आली."

मी विचारलं, "लाडवांनी गेली का ती?"

त्यांनी नळी स्टँडमध्ये ठेवली. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "लाडवांनी एकट्यांनी नाही," त्या म्हणाल्या. "पण मी तुम्हाला दर महिन्याला इथं बोलवायला हवं होतं. पाळी आली म्हणून मीही आनंदात राहिले."

तेव्हापासून माझ्या ताटात भात मूठभर, ज्वारीची भाकरी, भाजी, लाखोळीची डाळ. गूळ बंद. रोज दोन कोस चालणं. साखरेच्या रसाची सुई कधी मिळते, कधी लढाईमुळं नागपुरातही मिळत नाही. पाळी अजून येते, बहुतेक महिन्यांना. पुन्हा दिवस गेले नाहीत. फुलवंताला आता दोन लेकरं आहेत. ती मला मोठी माय म्हणतात, आणि त्यांना मी जीव लावते. तरी त्यांना मांडीवर घेते तेव्हा काहीतरी दुखतंच, हे लपवून काय उपयोग?

आत्याबाईंना मी लाडवांचं सांगितलं नाही. त्या विचारायच्या, "साखरेचा आजार कायचा होते वं?" मी म्हणायचे, "माहेरचा हाय, आईले होता." मागच्या पौषात त्या गेल्या. ते त्यांच्या कानावर गेलं नाही, याचं मला समाधान आहे.

*

एक गोष्ट मी तीन वर्षं विचारली नव्हती. यंदा धान कापून झालं, भाताच्या बांध्या मोकळ्या झाल्या. एका सकाळी पटील शेताकडे निघाले तेव्हा मी मागून निघाले.

"तू कुठं चालली?"

"तिले कुठं ठेवलं ते दाखवा."

ते उभे राहिले. मग पुढं चालू लागले. वरच्या बांधीच्या धुऱ्यावर, बांधावर, मोहाचं एक झाड आहे, तिथं आलो. ते झाडापासून पावलं मोजत गेले, थांबले, परत आले, पुन्हा मोजली.

"इथं," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाई तर इथं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"दुसऱ्या पावसात धुरा फुटला वं. गडी लावून नव्यानं बांधला. माती इकडची तिकडं झाली. त्याच्याआधी मी रोज येत होतो. डोळे मिटून सांगितलं असतं." त्यांचा आवाज फुटला. ते तिथंच मातीत बसले. सतरा-अठरा वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"तुमी मले काऊन नाई सांगितलं?"

"तू विचारलं नाई. मले वाटलं, तुले नको असंल."

मीही बसले. खाली बांधीत धानाची धसकटं होती, बगळे फिरत होते. इतकी वर्षं मला वाटत होतं, की तिचं दुःख या घरात मी एकटीनंच केलं.

"मी नाई पाहिली तिले," मी म्हणाले. "तुमी पाहिली का?"

"पाहिली. वाटेत दमणी थांबवली आन् कापड सोडून पाहिली."

"कशी होती?"

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "कपाळ तुयासारखं. मुठी आवळल्या होत्या. गोरी नाई, काळी बी नाई." मग त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि मधे अंतर धरून दाखवलं. "एवढी होती."

ते हात त्यांनी बराच वेळ खाली केले नाहीत. मी त्या हातांच्या मधल्या जागेकडे बघत बसले.